छोटा ट्रॅक्टर, रोजची निगा

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या बाजारात द्राक्षांच्या पेट्या दाखल होऊ लागतात. त्या घडांमागे किती फवारण्या, किती मशागत आणि किती वाहतूक झालेली असते, याची कल्पना ग्राहकाला क्वचितच असते. निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या बागांत ही बहुतेक सारी कामे एकाच यंत्राच्या जिवावर होतात. ते यंत्र म्हणजे पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. गेल्या काही वर्षांत हाच ट्रॅक्टर मुळशी, मावळ, कर्जत, वाई अशा भागांतील शेतघरांच्या अंगणातही दिसू लागला आहे. शेतजमीन खरेदी करणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, ही महाराष्ट्रातील कुळकायद्याची अट आहे. त्यामुळे या शेतघरांचे अनेक मालक नव्याने जमीन घेतलेले नसून वडिलोपार्जित सातबाऱ्याचे धनी असतात. शनिवार-रविवारी गावी जाणारा मालक आणि आठवडाभर यंत्र हाताळणारा राखणदार, अशा दोघांमध्ये मग या ट्रॅक्टरची निगा वाटली जाते आणि पुष्कळदा दोघांच्याही हातून सुटते.

देशात दरवर्षी लाखो ट्रॅक्टर विकले जातात. त्यातील बहुसंख्य तीस ते पन्नास अश्वशक्तीचे असतात. छोट्या ट्रॅक्टरचा वाटा तुलनेने थोडा असला, तरी महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये त्याला चांगली मागणी आहे. महिंद्राचा युवराज, स्वराजचा ७१७, राजकोटच्या कॅप्टन कंपनीची यंत्रे, बंगळुरूच्या व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती आणि कुबोटाचे अरुंद बांध्याचे ट्रॅक्टर ही नावे बागायतदारांच्या तोंडी असतात. स्वराजने नोव्हेंबर २०२१ मध्ये फळबाग-भाजीपाल्यासाठी कोड नावाचे अकरा अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे यंत्र आणले. महिंद्राची ओजा ही हलक्या ट्रॅक्टरची मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी सादर झाली.

द्राक्षबागेत दोन ओळींमधील अंतर साधारणतः नऊ-दहा फूट असते आणि वर मांडवाच्या तारा असतात. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा, पावणेदोन-दोन टन वजनाचा ट्रॅक्टर तेथे वळणे कठीण. वळला, तरी त्याच्या वजनाने मुळांभोवतीची जमीन दबते. पंधरा अश्वशक्तीचे यंत्र आठशे किलोंच्या आसपास असते, रुंदीला तीन-साडेतीन फुटांत मावते आणि मांडवाखालून सहज निघते. पावसानंतर वापसा येण्याची वाट न पाहता बागेत शिरायचे असेल, तर चारही चाकांना ताकद देणारा हलका ट्रॅक्टर बागायतदार पसंत करतात. त्याचे कारणही हेच आहे.

पाऊस पडला, ट्रॅक्टर बंद पडला

निगा हा विषय वरकरणी रुक्ष वाटतो. ऑक्टोबर छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्यात द्राक्षवेल फुलोऱ्यात येते. नेमक्या याच काळात अवकाळी पाऊस झाला, तर पाने व घड ओले राहतात आणि डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत नुसता 'डाऊनी', काही तासांत शिरकाव करतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्याने हा अनुभव घेतला. पाऊस थांबताच सारी बाग फवारून काढणे, एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हाती असतो आणि त्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो. अशा वेळी डिझेलमध्ये पाणी आल्याने यंत्र सुरूच झाले नाही किंवा फवारणी पंपाचा पट्टा तुटला, तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. वर्षभराच्या पिकावर पाणी फिरते. शेतघराच्या मालकापुढे असा प्रसंग येत नाही, हे खरे. त्याच्या पुढ्यातील धोका वेगळा असतो आणि तो अधिक गंभीर असतो, त्याविषयी पुढे.

ट्रॅक्टरची रचना समजून घेतली, की निगेतील निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. मोटारीत इंजिनाची ताकद फक्त चाकांना जाते. ट्रॅक्टरमध्ये ती तीन ठिकाणी जाते. एक, चाकांना. दुसरी, मागील बाजूस बाहेर आलेल्या दात्यांच्या दांड्याला. याला सर्वत्र पीटीओ म्हणतात. ठरावीक इंजिनगतीला तो मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, गवत कापणी यंत्र यांना फिरवतो. तिसरी, हायड्रॉलिक पंपाला. या पंपाच्या तेलाच्या दाबावर मागील दोन बाहू अवजारे उचलतात आणि खाली ठेवतात. खालचे दोन बाहू व वरची एक दांडी, म्हणजे टॉप लिंक, ही तीन बिंदूंची जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची देणगी. १९२० च्या दशकात त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती मोठ्या संख्येने शेतात उतरली. आज पंधरा अश्वशक्तीच्या यंत्रापासून शंभर अश्वशक्तीच्या धुडापर्यंत सगळीकडे तीच आहे.

घड्याळ किलोमीटरचे नव्हे, तासांचे

मोटार किती धावली हे किलोमीटरवरून कळते. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर मात्र तासांचे मीटर असते. बहुतेक कंपन्या पहिली सर्व्हिसिंग पन्नास तासांच्या सुमारास सांगतात आणि त्यानंतर इंजिन ऑईल सर्वसाधारणपणे अडीचशे तासांनी बदलायला सांगतात. नेमका आकडा यंत्रागणिक बदलतो, तो पुस्तिकेतच पाहावा. ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीने मोटार अडीचशे तास चालवली, तर दहा हजार किलोमीटर होतात. म्हणजे शहरी वाचकाला आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा जो हिशेब माहीत आहे, तोच येथेही लागू पडतो. फरक इतकाच, की गाडी डांबरी रस्त्यावर धावते, तर ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या धुळीत तासन् तास उभा असतो.

गोंधळ होतो तो कमी वापराच्या यंत्रात. शेतघरावरचा ट्रॅक्टर वर्षाला कसाबसा शंभर तास चालतो. 'अजून अडीचशे तास कुठे झालेत?' असे म्हणून दोन-तीन वर्षे तेच तेल ठेवले जाते. तेल केवळ वापराने नव्हे, उभ्या उभ्याही बिघडते. दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद केलेले इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही आणि ती तेलात मिसळते. म्हणून तास भरोत वा न भरोत, वर्षातून एकदा तेल आणि त्याचा फिल्टर बदलणे श्रेयस्कर. जुन्या धाटणीच्या यांत्रिक मीटरची आणखी एक गंमत आहे. ते इंजिनाच्या फेऱ्या मोजून तास दाखवतात, त्यामुळे मंद गतीने चालणाऱ्या यंत्राचे तास घड्याळाच्या तासांपेक्षा कमी भरतात.

रोजची तपासणी दहा मिनिटांची आहे. ट्रॅक्टर सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तेलाची पट्टी ओढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. तेल काळे असणे हा दोष नाही, डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे होतेच. ते दुधाळ दिसले, तर मात्र पाणी शिरले आहे असे समजावे आणि यंत्र सुरू करू नये. हायड्रॉलिकच्या तेलाचेही तसेच. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये गिअरच्या दांड्यांवरील फाटक्या रबरांतून पाणी झिरपते आणि गिअरपेटीतील तेल पांढरट होते. दीडशे-दोनशे रुपयांच्या रबरासाठी कित्येक लिटर तेल ओतून द्यावे लागते.

रेडिएटरच्या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत मोठा दोष बोअरवेलच्या पाण्याचा. जड पाण्यातील क्षार आतल्या नळ्यांत साचतात, इंजिन तापू लागते आणि कारण शोधता शोधता थर्मोस्टॅटपासून वॉटर पंपापर्यंत सारे बदलून होते. कूलंट व शुद्ध पाण्याचे मिश्रण घातले, तर हा खर्च टळतो. बाहेरून रेडिएटरची जाळी गवताच्या कुसळांनी व धुळीने भरते. गवत कापताना तर ती दिवसातून दोनदाही झाडावी लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते, तरीही भाजल्याचे प्रकार घडतात.

हवा, डिझेल आणि ग्रीस

इंजिनाच्या आयुष्याचा खरा निर्णय एअर क्लीनरमध्ये होतो. रोटाव्हेटर चालू असताना भोवती जी धूळ उठते, ती इंजिनात गेली, तर तेलात मिसळून सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश कागदासारखे काम करते. मग यंत्र तेल जाळू लागते, निळसर धूर येतो, ताकद उतरते. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरवर तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते. वाटीच्या तळाशी गाळ जमला, की ती रिकामी करून खुणेपर्यंत ताजे तेल भरावे. खुणेच्या वर भरू नये. जादा तेल इंजिन ओढून घेते आणि ते चावी फिरवूनही न थांबणाऱ्या वेगाने पळू शकते. नव्या यंत्रांवर कागदी फिल्टर असतो. तो दगडावर आपटून साफ करण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती सर्वथा चुकीची आहे, कारण कागदाच्या घड्या आणि रबराची कड फाटते. हलक्या दाबाची हवा आतून बाहेर मारावी. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतोच, तो बदलायचा असतो.

डिझेलचा प्रश्न पाण्याचा आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली, की आतल्या हवेतील बाष्प टाकीच्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते आणि तळाशी बसते. कोकणात आणि मावळात हे अधिक घडते. म्हणून काम संपल्यावर, संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. सकाळी निघताना भरू नये. फिल्टरखालच्या वाटीतील पाणी अधूनमधून सोडावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, तर नळीत हवा शिरते. 'डिझेलने हवा धरली' असे मिस्त्री म्हणतात ते हेच. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने हवा काढत बसावे लागते. काम अवघड नाही. फक्त ते एकदा कुणाकडून तरी शिकून घेतलेले असावे.

ग्रीसबद्दल एवढेच, की ते स्वस्त आहे आणि त्याची टाळाटाळ सर्वाधिक होते. पुढच्या आसाचा मध्य, चाकांच्या खुंट्या, क्लच-ब्रेकचे पाय, पीटीओच्या शाफ्टचे सांधे ही ठिकाणे. चिखलात किंवा पाण्यात काम झाले असेल, तर त्याच संध्याकाळी नवे ग्रीस भरावे, म्हणजे जुन्याबरोबर आत गेलेले पाणी व माती बाहेर पडते. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पूजण्याची चांगली प्रथा गावोगाव आहे. अलीकडे ही धुलाई दाबाच्या फवाऱ्याने होते आणि बेअरिंगच्या सीलांत, डायनॅमोत, वायरींच्या जोडांत पाणी घुसते. धुतल्यानंतर ग्रीस मारून थोडा वेळ इंजिन चालवले, तर पूजा यंत्रालाही मानवते.

फवारणीचे गणित

निगेचा आणि पिकाचा संबंध फवारणीत जितका थेट आहे, तितका अन्यत्र नाही. ओळींतील अंतर नऊ फूट धरले, तर एकरभर बागेत ट्रॅक्टरला सुमारे १,४७५ मीटर चालावे लागते. ताशी चार किलोमीटर वेगाने त्यास बावीस मिनिटे लागतात. नोझलमधून या वेळेत चारशे लिटर द्रावण पडेल, असे बसवलेले असताना चालकाने घाईने वेग पाच किलोमीटर केला, तर तेच काम अठरा मिनिटांत उरकते आणि पडते अवघे ३२० लिटर. म्हणजे औषधाची मात्रा एकपंचमांशाने घटली. उलट, झिजलेल्या नोझलमधून द्रावण ठरल्यापेक्षा जास्त जाते, औषध वाया जाते आणि फळावर अवशेष राहण्याची भीती वाढते. प्रत्येक नोझलखाली मिनिटभर मापी भांडे धरून पाहणे, ही साधी चाचणी हंगामाच्या आरंभी केली, तरी पुरे.

बोर्डो मिश्रणाने बाग वाचते, पण लोखंड खाल्ले जाते. त्यातील मोरचूद पत्र्यावर व नट-बोल्टवर राहिले, तर गंज झपाट्याने चढतो. त्यामुळे फवारणी झाली, की टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप काही मिनिटे चालवणे व ट्रॅक्टरचा मागचा भाग धुणे आवश्यक ठरते. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

शेतघरावरची किरकोळ कामे

पावसाळ्यानंतर छातीइतके वाढलेले गवत कापणे, वाहून गेलेल्या कच्च्या रस्त्यावर मुरूम पसरणे, आंबा-चिकूच्या कलमांसाठी खड्डे घेणे, शेणखत आणि पाण्याची टाकी वाहणे अशी शेतघराची यादी असते. ही कामे तासा-दोन तासांची असल्यामुळे यंत्राला जोडलेले अवजार दिवसातून तीनदा बदलते. नेमके येथेच पिना हरवतात. लिंचपिनऐवजी खिळा किंवा तार अडकवली जाते आणि रस्त्यात अवजार सुटते. पाच-सहा जादा पिना खोक्यात ठेवण्याइतका स्वस्त विमा दुसरा नसेल.

रस्ता सारखा करताना पाट एकाच वेळी खोल घालून माती ओढू पाहणे हा नवख्यांचा नेहमीचा प्रकार. हलके यंत्र त्यात नुसती चाके फिरवते. थोडी थोडी माती, चार फेऱ्यांत, हाच मार्ग. खड्डे काढण्याच्या ऑगरचेही तसेच आहे. फूटभर खोदून ते वर घ्यावे, माती झटकू द्यावी, पुन्हा घालावे. कोकणातील जांभ्यात ते अडकले, तर इंजिनाची गती वाढवून सुटत नाही. पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून, हाताने उलटे फिरवूनच ते निघते.

रोटाव्हेटर हे या साऱ्यांतील सर्वाधिक अत्याचार सोसणारे अवजार. पंधरा-अठरा अश्वशक्तीला तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर शोभतो. शेजाऱ्याचा पाच फुटी आणून लावला, तर इंजिन घुसमटते आणि क्लच जळतो. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद, सुतळी हे त्याचे खरे शत्रू. सुतळी रोटरच्या टोकाला गुंडाळली जाते, घासून तापते, सील कापते आणि आतले तेल मातीत मिळते. तेल गेल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही, बेअरिंगचा आवाज येईपर्यंत. ती पाती साफ करण्यासाठी खाली वाकायचे, तर आधी इंजिन बंद आणि चावी खिशात. वर उचललेल्या अवजाराखाली केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही जाऊ नये. तो दाब तेलाचा असतो आणि एक सील फुटले, तर अवजार खाली येते.

सेकंदाला नऊ फेरे

पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही त्यात अडकली, तर 'बंद कर' हे शब्द उच्चारायलाही वेळ मिळत नाही. या शाफ्टवर प्लॅस्टिकचे आवरण येते. सांध्याला ग्रीस मारताना अडथळा होतो म्हणून ते पहिल्या हंगामातच काढून टाकले जाते आणि गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते. अवजारांबरोबर मिळणारी ही सर्वांत स्वस्त वस्तू असूनही जुन्या अवजारावर ती शोधावी लागते. शाफ्ट फिरत असताना तो ओलांडून जाणे हा प्रकारही नित्याचा. पायातील दोन पावलांचा फेरा वाचतो, एवढाच त्याचा लाभ.

ट्रॅक्टर उलटण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बाजूला उलटण्याचा. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, कारण बागेच्या टोकाला एका चाकाला ब्रेक लावून जागीच वळता येते. रस्त्यावर येताना ही दोन पायडले खटक्याने जोडायची असतात. ती न जोडता भरवेगात ब्रेक दाबला, तर एकच चाक थांबते आणि यंत्र गर्रकन फिरून आडवे होते. बांध, नाला आणि विहिरीची कड यांपासून अंतर राखणे हाही याच सदरातील नियम.

दुसरा प्रकार मागे उलटण्याचा, जो शहरी मालकांना बहुधा ठाऊकच नसतो. चिखलात मागची चाके रुतली आणि चालकाने घाईने क्लच सोडला, तर चाके फिरू शकत नाहीत. मग इंजिनाची ताकद ट्रॅक्टरलाच आसाभोवती वर उचलते. पुढचा भाग उभा राहतो आणि पाऊण सेकंदाच्या आसपास तो अशा बिंदूला पोहोचतो, की त्यापुढे क्लच दाबूनही उपयोग नसतो. दोरखंड किंवा साखळी टॉप लिंकच्या जागी, म्हणजे आसाच्या वर बांधून ओंडका ओढतानाही हेच होते. ओढण्याची वस्तू नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. रुतलेला ट्रॅक्टर पुढे रेटण्याऐवजी मागे घ्यावा, नाहीतर दुसऱ्या यंत्राला टोचन लावून सावकाश बाहेर काढावा. चढावर जायचे, तर दोन चाकी ओढीचे यंत्र उलटे, रिव्हर्समध्ये चढवणे अधिक सुरक्षित.

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यामागे संरक्षक कमान सक्तीची केली आणि तेथे उलटून होणारे मृत्यू पुढे नगण्य झाले. आपल्याकडील छोट्या यंत्रांवर ही कमान क्वचितच दिसते. मांडवाखाली ती अडते, हा आक्षेप खरा आहे, पण दुमडता येणाऱ्या कमानी उपलब्ध आहेत. कमान असेल, तर सीटबेल्ट हवाच. नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो.

आणखी दोन सवयींचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. बॅटरी उतरली किंवा चावीचा स्विच बिघडला, की जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांना पाना लावून इंजिन सुरू केले जाते. यंत्र गिअरमध्ये असेल, तर ते सुरू होताच पुढे निघते आणि पाना धरणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. स्विचची किंमत काही शे रुपये आहे. दुसरी सवय मडगार्डवर मुलांना बसवून बागेत फेरी मारण्याची. शेतघरावर पाहुणे आले, की ही हौस हमखास होते. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, चालकाचे. मडगार्डवरून घसरलेल्या मुलाच्या आणि चाकाच्या मध्ये काहीही नसते. ट्रॉलीही मालासाठी असते, लग्नाच्या वऱ्हाडासाठी नाही.

उभ्या यंत्राचे आजार

बागायतदाराचा ट्रॅक्टर फार कामाने थकतो, शेतघराचा ट्रॅक्टर फार विश्रांतीने. पावसाळ्यात दोन-तीन महिने यंत्र उभे राहणार असेल, तर ताडपत्रीत घट्ट गुंडाळणे हा उपाय उलटतो, कारण आत दमट हवा कोंडते. वर पत्रा आणि बाजूने वारा अशी जागा उत्तम. टाकी भरलेली, अवजारे जमिनीवर टेकलेली, क्लचचे पायडल शक्य असल्यास दाबून अडकवलेले असावे. नाहीतर क्लचची प्लेट गंजून चिकटते. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढून ठेवावी. उंदीर हा मात्र पुस्तिकेत नसलेला शत्रू. बॉनेटखालच्या उबेत ते घर करतात आणि वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा यंत्र सुरू करून अर्धा तास फिरवले, तर यांतील बरेच त्रास टळतात. जागेवर पाच मिनिटे घरघरवून बंद करण्याचा फायदा मात्र नाही.

खर्चाच्या बाजूने अलीकडे थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि त्यांचे टायर-ट्यूब व अनेक सुटे भाग यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. खरेदीच्या वेळी या कपातीची चर्चा होते. चालवण्याचे व देखभालीचे शिक्षण हवे असेल, तर मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. ट्रॅक्टरच्या चाचण्याही तेथे होतात. राखणदाराच्या हाती चावी देण्यापूर्वी किमान विक्रेत्याच्या मिस्त्रीकडून त्याला दिवसभर शिकवून घेण्यास तर कोठे जावे लागत नाही.

द्राक्षपट्ट्यातील जुने बागायतदार ऑगस्टमध्येच ट्रॅक्टर उघडून घेतात. क्लचची मोकळीक, पंखा आणि ब्लोअरचे पट्टे, फवारणी पंपाचे वॉशर, नोझल, सारे त्याच महिन्यात पाहून होते. छाटण्या सुरू झाल्या, की प्रत्येक गावातील मिस्त्रीच्या दारात आठ-दहा यंत्रे रांगेत असतात आणि सुटा भाग यायला नाशिक किंवा सांगलीहून दोन दिवस लागतात. पाऊस तेवढे दिवस थांबत नाही.